बोर्सिगप्लाट्झची पोरं

कारखान्याला सुटी एकट्या रविवारची. डॉर्टमुंडच्या उत्तर भागात, बोर्सिगप्लाट्झच्या परिसरात, होएश पोलाद कारखान्याच्या धुराखाली वाढलेल्या तरुणांना त्या दिवशी दुपारी चेंडू खेळायचा असे. ही सगळी कॅथलिक युवक मंडळातली पोरं. मंडळाचे फादर हुबर्ट देवाल्ड यांना मात्र फुटबॉल म्हणजे निव्वळ दांडगाई वाटे. त्यांनी नेमकी रविवारी दुपारीच जादा प्रार्थना ठेवली.

19 डिसेंबर 1909 हा रविवारच होता. ‘त्सुम विल्डश्युत्झ’ या बिअरगृहाच्या माडीवर पोरं जमली. सभा मोडायला फादर स्वतः आले, तेव्हा फ्रान्झ याकोबी या तरुणाने त्यांना दारातच अडवलं. ज्या वस्तीत बारशापासून मयतीपर्यंत सगळं चर्चच्या हाती, तिथे हे धाडस लहान नव्हतं. बरेच जण निघून गेले, अठरा जण टिकले. त्यांनीच बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब स्थापन केला. बोरुसिया हे जवळच्या एका बिअरच्या कारखान्याचं नाव. भिंतीवरच्या त्याच्या जाहिरातीवरून ते सुचलं, असं सांगतात.

पहिला पोशाख निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, छातीवर तिरपा लाल पट्टा आणि खाली काळी चड्डी. निळा-पांढरा हा आज कट्टर प्रतिस्पर्धी शाल्केचा रंग, त्यामुळे जुनी चित्रं पाहून नव्या चाहत्यांना धक्काच बसतो. पिवळा-काळा आला तो 1913 मध्ये, शेजारचे छोटे क्लब सामील झाल्यावर.

मैदानाचं नाव ‘वाइसे वीझे’, म्हणजे पांढरं कुरण. भोवतालच्या पॉप्लरच्या झाडांचा पांढरा कापूस त्यावर पसरे. 1924 मध्ये सभासदांनी अंगमेहनत करून ते वाढवलं. अठरा हजार प्रेक्षक मावतील असं स्वतःचं मैदान कामगारांच्या एका क्लबने उभं केलं, ही मला त्यांच्या पुढच्या कुठल्याही चषकाहून मोठी कमाई वाटते. पण नाझी राजवटीत तिथे सार्वजनिक पोहण्याचा तलाव करायचं ठरलं आणि 1937 मध्ये क्लबला शहराच्या दुसऱ्या टोकाला ‘रोटे एर्डे’ मैदानावर जावं लागलं.

क्लबच्या मैदानाची देखभाल करणारा हाइन्रिश चेर्कुस कम्युनिस्ट होता. नाझीविरोधी कामासाठी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं आणि 1945 च्या वसंतात, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, ठार मारलं. दर गुड फ्रायडेला त्याच्या नावाने ‘रोटे एर्डे’पासून बिटरमार्कच्या नाझीबळींच्या स्मारकापर्यंत दौड निघते आणि तिच्यात क्लबचे चाहते धावतात.