शहाणपण सोंगाड्याच्या तोंडी

शेक्सपिअरच्या आधीचे इंग्रजी नाटक म्हणजे कोरडा उपदेश, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नीतिनाट्य म्हटले की मृत्यू, पाप, सत्कर्म अशी नावे धारण केलेली पात्रे एकामागून एक येऊन प्रवचन देतात, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते पुरते खरे नाही. सर्वांत गंभीर मानले जाणारे ‘एव्हरीमॅन’च घ्या. मरणाचे बोलावणे आलेला माणूस सोबतीसाठी दारोदार फिरतो, तेव्हा त्याचा चुलतभाऊ पायाच्या बोटात पेटका आल्याची सबब सांगून मागे सरतो. कोणत्याही गावातल्या कोणत्याही भावकीला ही सबब ओळखीची वाटेल. 1470च्या सुमाराचे ‘मॅनकाइंड’ तर याहून धीट आहे. त्यात करुणा हे पात्र जडजंबाळ लॅटिनमिश्रित भाषेत बोधामृत पाजते आणि टवाळांचे टोळके त्याचीच भाषा वापरून त्याची टर उडवते. पुढे टिटिव्हिलस नावाच्या सैतानाच्या प्रवेशाची वेळ येते, तेव्हा नट खेळ थांबवतात, प्रेक्षकांत पैसे गोळा करतात आणि मगच त्याला समोर आणतात. आपल्या फडातही थाळी फिरते, पण इथे त्या थाळीतच मेख आहे. सैतान पाहायला स्वतःच्या खिशातून पैसे मोजलेला माणूस ‘मी फक्त बघायला आलो होतो’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

माझे म्हणणे एवढेच, की या नाटकांतला विनोद कडू औषधाला लावलेला साखरेचा लेप नाही, औषधच तो आहे. उपदेशक सांगतो तेव्हा श्रोता न्यायाधीशाच्या जागी बसलेला असतो. सोंगाड्या हसवतो तेव्हा तोच श्रोता आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो, आणि ते त्याला उशिरा कळते. जॉन हेवुडच्या सोळाव्या शतकातील ‘फोर पीपी’मध्ये एक यात्रेकरू, पापमुक्तीची पत्रे विकणारा आणि औषधविक्या यांच्यात खोटे बोलण्याची स्पर्धा लागते आणि फेरीवाला पंच होतो. पापमुक्तीवाल्याकडे संतांच्या जबड्याचे हाड आहे, साक्षात पवित्र त्रैक्याच्या पायाचा अंगठाही आहे! तरी जिंकतो यात्रेकरू. एवढे देश फिरलो, पण संतापलेली बाई कुठे पाहिली नाही, असे तो सहज बोलून जातो आणि बाकीचे ‘खोटं, खोटं’ म्हणून ओरडतात. विनोद बायकांच्या जिवावर मारलेला आहे, हे मान्य. पण धर्माच्या नावाने दुकान मांडणाऱ्याला हरवणारा हेवुड स्वतः निष्ठावान कॅथलिक होता, हे विसरू नये. टिंगल श्रद्धेची नाही, भोंदूपणाची आहे.

याच काळात गोदाकाठी पैठणला एकनाथ (1533–1599) नेमके हेच करत होते. पैठणहून गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात येते, पाथरी-सोनपेठचा मुलूख ओलांडून जनाबाईंच्या गंगाखेडला पोहोचते, आणि या साऱ्या पट्ट्यात सप्ताहाच्या रात्री सोंगी भारूड उभे राहते. नाथांचे ‘रोडगा’ हे भारूड चालू असते. नऊवारी नेसलेला, कपाळभर कुंकू लावलेला पुरुष कमरेवर हात ठेवून भवानीला नवस बोलतो: सासऱ्याचे असे होऊ दे, सासूचे तसे होऊ दे, मग जाऊ, मग नणंदेचे पोर, अखेरीस नवराही नको. दर मागणीला ढोलकी चढते आणि बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी जातात. मग भारूडकरी आवाज बदलतो, सासू म्हणजे काय आणि सासरा म्हणजे काय ते उलगडतो, आणि एकटे राहण्याच्या मागणीचा रोख ईश्वराकडे वळतो. पण तोवर हसणाऱ्यांनी मनातल्या मनात होकार भरलेला असतो. जोशी, गोंधळी, आंधळा, मुका, महार अशी सोंगे नाथांनी उगाच घेतली नाहीत. गोंधळातही नायक आख्यान लावतो आणि साथीदार भाबडे प्रश्न विचारून त्याला अडवत राहतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांना गोंधळमहर्षी म्हणून मान मिळाला, तो याच परंपरेत.

कुणी म्हणेल, ही ओढाताण आहे. पैठणला लंडनचा वारा लागला नव्हता. लागला नव्हताच. उसनवारीचा दावा मी करत नाही. गर्दी तीच, तिची कंटाळण्याची रीत तीच, म्हणून दोन्हीकडे उपाय एकच निघाला. दुसरा आक्षेप जुना आहे: लोक विनोद घरी नेतात, बोध मांडवातच राहतो. स्टीफन गॉसन या इंग्रज लेखकाने 1579मध्ये नाटकांवर अशीच तोफ डागली. तो स्वतः आधी नाटके लिहीत असे, तेव्हा घरभेद्याची साक्ष म्हणून ती ऐकावी. तमाशावरही हाच आरोप झाला. तो काही वेळा खराही असतो, कारण निव्वळ चावटपणावर वेळ मारून नेणारे फड असतातच. पण वाईट कीर्तनामुळे कीर्तन बाद होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला बोचतो. रूपक उलगडले की धार बोथट होते. सासू म्हणजे मनाचा विकार ठरला, की खऱ्या सासुरवाशिणीचे दुःख बाजूला पडते. महाराच्या सोंगातून ज्ञान सांगितले तरी गावकुसाबाहेरचा महार बाहेरच राहतो. इथे भारुडाची मर्यादा कबूल केलीच पाहिजे, आणि ती ‘एव्हरीमॅन’चीही आहे. ही मर्यादा मराठीत ओलांडली जोतीराव फुल्यांनी. 1855च्या ‘तृतीय रत्न’मध्ये जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. तिथे रूपक नाही, जोशी म्हणजे जोशीच. आणि त्याचे बिंग फोडत राहतो तो विदूषक. लेखकाने विवेक सोपवला तो पुन्हा सोंगाड्याकडेच, फक्त त्याच्या हातून उलगड्याची पळवाट काढून घेतली. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले.