पैसा नाही, तरी नोट! जाहिरातीच्या नोटा जमवण्याचा छंद नेमका काय आहे?

‘पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट विका आणि लखपती व्हा!’ असे रील्स नंदुरबार, शहादा, तळोद्यातही मोबाईलवर फिरत असतात. पण जगात असेही संग्राहक आहेत, जे कधीच खरा पैसा नसलेल्या नोटा जमवतात.

युरोच्या आधीचे ‘युरो’

१ जानेवारी २००२ ला युरोपातल्या १२ देशांत युरोच्या नोटा आणि नाणी हातात आली. त्याआधी, १९९६ ते १९९८ या काळात, फ्रान्समधल्या अनेक शहरांनी आपापल्या नावाचे तात्पुरते ‘युरो’ काढले होते. लोकांना नव्या चलनाची सवय व्हावी आणि शहराची जाहिरातही व्हावी, हा हेतू. ठरलेल्या काही दिवसांत स्थानिक दुकानदार ते घ्यायचे. मुदत संपली की व्यवहार बंद. जे लोकांनी आठवण म्हणून ठेवले, ते आज संग्रहात दिसतात.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे. ‘फिफ्थ पिलर’ या संस्थेने २००७ मध्ये शून्य रुपयाची नोट आणली. दिसायला पन्नासच्या नोटेसारखी, वर गांधीजींचं चित्र आणि लाच न देण्या-घेण्याची शपथ. कुणी लाच मागितली तर हीच नोट पुढे करायची!

त्याहून जुना प्रकार म्हणजे कॅश कूपन. दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा शेजारच्या गुजरातमधल्या मोरवी, जुनागढ, नवानगर अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कूपन काढली. ती जाहिरातीसाठी नव्हती, गरजेपोटी होती. पण त्यांचाही वापर स्थानिक आणि तात्पुरताच होता.

जमवणं गुन्हा आहे का?

अशी जुनी कूपन किंवा शून्य रुपयाची नोट संग्रहात ठेवणं गुन्हा नाही. पण खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं किंवा वापरणं, यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ नुसार ३०० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि बनावट नोट खरी म्हणून खपवली, तर थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०१७ मध्ये दिल्लीतल्या संगम विहारच्या एका एटीएममधून ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’ लिहिलेल्या दोन हजारांच्या नोटा निघाल्या होत्या. त्यामुळे खेळण्यातली नोटही नीट वाचून घ्यावी.

फसवणूक कुठे होते?

नोट विकायला निघालेल्या माणसाकडूनच आधी ‘नोंदणी फी’, ‘कमिशन’ किंवा ‘टॅक्स’ मागितला जातो. कधी कधी तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि अशी फी घ्यायला आपण कुणालाही परवानगी दिलेली नाही, असं रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ लाच स्पष्ट केलं आहे.

सोपी खूण लक्षात ठेवा: खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.