परदेशी प्रवेशाची घाई नेमकी कुठे करायची?

बोदलकसा म्हटलं की नागपूरच्या पर्यटकाला तलाव, जंगल आणि पलीकडचं नागझिरा आठवतं. त्याच तलावाच्या भोवतालच्या गावांतून तिरोड्याला किंवा गोंदियाला कॉलेजात जाणारी मुलंमुलीही आता परदेशी विद्यापीठांत अर्ज करण्याचा विचार करू लागली आहेत. अर्ज लवकर कसा होईल, हा त्यांचा पहिला प्रश्न. तो रास्त आहे. मात्र या वेगाबद्दल जे समज पसरले आहेत त्यांतले बरेच चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत मोजतात ती घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलं. त्यांना सांगायला घरात कुणी नसतं, म्हणून हे सविस्तर.

ऑनलाइन फॉर्म भरायला दोन-चार संध्याकाळी पुरतात. महिने जातात ते दुसऱ्यांच्या टेबलांवर: विद्यापीठाचा परीक्षा विभाग, पासपोर्ट कार्यालय, तहसील, शिफारसपत्र लिहिणारे सर. त्या टेबलांचा वेग आपल्या हातात नसतो. आपला कागद तिथे कधी पोचतो, एवढंच आपल्या हातात असतं.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे ‘आधी डिग्री हातात येऊ दे, मग अर्ज करू.’ ब्रिटनमधले बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि त्यांचे अर्ज साधारण वर्षभर आधी उघडतात. अमेरिकेत ऑगस्टच्या प्रवेशासाठी अनेक विद्यापीठांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. नागपूर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत त्या वर्षीच्या बऱ्याच मुदती उलटून गेलेल्या असतात. रोवणी पावसावर होते, पण पऱ्हे आधी टाकलेले असतात, हे धानाच्या या मुलखात कुणाला सांगायला नको. शेवटच्या वर्षाला असतानाच, हाती असलेल्या सेमिस्टरच्या गुणांवर अर्ज करता येतो. विद्यापीठ त्यावर सशर्त प्रवेशपत्र देतं: अंतिम निकाल इतका लागला आणि इंग्रजीच्या परीक्षेत इतके गुण पडले, तर जागा तुमची.

इथे एक पेच आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. तिच्यासाठी लागतं ते विनाशर्त प्रवेशपत्र, तेही क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेल्या विद्यापीठाचं. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांसाठी आहे. त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही थोड्या जागा आहेत. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे, जागा अवघ्या २०. राज्याच्या आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. निकष दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षाची जाहिरातच वाचावी. मागच्या वर्षी गेलेल्या दादाचा अनुभव तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.

पेच असा की सशर्त पत्र विनाशर्त व्हायला अंतिम गुणपत्रिका लागते आणि शिष्यवृत्तीची मुदत निकालासाठी थांबत नाही. यावर मला दिसणारा मार्ग असा: निकालाखेरीज बाकी एकही अट शिल्लक ठेवायची नाही. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, आधीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, सगळं विद्यापीठाकडे पोचलेलं असू द्या. मग निकालाच्या दिवशी एकच कागद पाठवायचा राहतो. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात जाऊन सुरू करायचं काम नव्हे. वैधतेला किती महिने लागतात हे ज्यांच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला गेलंय त्यांना विचारा.

‘पासपोर्ट काय, प्रवेश मिळाल्यावर काढू’ हेही सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात भारतात आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसायलाच पासपोर्ट लागतो, आधार कार्ड चालत नाही. म्हणजे रांगेतला पहिला कागद पासपोर्ट. त्याच्याबरोबर येतो नावाचा प्रश्न, आणि तो आपल्या राज्यात खास अवघड आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं दुसऱ्या. आधारवर कधी वडिलांचं नाव गळालेलं, तर कधी एकाच आडनावाची स्पेलिंग तीन कागदांवर तीन. परदेशातल्या कारकुनाला ही तीन माणसं वाटू शकतात, आणि मग ईमेलांची देवघेव सुरू होते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना हा त्रास दुप्पट होतो. म्हणून पासपोर्टचा अर्ज करतानाच दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवावं. चूक गुणपत्रिकेत असेल तर दुरुस्ती मंडळाकडून, नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातून. दोन्हींना वेळ लागतो, आणि अर्जाच्या ऐन धांदलीत तो कुणाकडेच नसतो.

एक समज वेगळ्याच कारणाने महागात पडतो: प्रत्येक कागद नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून केलेलं सरकारी प्रमाणीकरण) करूनच पाठवायचा. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात सामील झाला आणि काही देशांच्या व्हिसासाठी किंवा पुढे नोकरीसाठी ते लागूही शकतं. पण अर्जाच्या टप्प्यावर बहुतेक विद्यापीठांना स्कॅन केलेली स्वच्छ प्रत पुरते. मूळ कागद ते नंतर तपासतात. न मागितलेल्या शिक्क्यांवर आईवडिलांचे पैसे आणि आपले आठवडे घालवू नका.

मागितलेली गोष्ट मात्र टाळता येत नाही. काही विद्यापीठांना आणि मूल्यमापन संस्थांना ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा, लागतं, तेही आपल्या विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात किंवा अधिकृत ईमेलने. त्यासाठी तिरोड्याहून शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला एखादी खेप करावी लागली, तर ती ऑक्टोबरमध्ये करावी. मे महिन्यातल्या गर्दीत तोच कागद जास्त दिवस घेतो. जर्मनीची तऱ्हा आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदांची पडताळणी, सक्तीचं आहे. शिवाय तिथली अनेक विद्यापीठं युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज घेतात, आणि मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज पोचवा असं ती संस्था स्वतःच सांगते. शेवटच्या रात्री बटण दाबणाऱ्याला चूक दुरुस्त करायला दिवसच उरत नाही.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. सरांकडून पत्र घेऊन आपण अपलोड करायचं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक पोर्टल सरांच्या ईमेलवर दुवा पाठवतात आणि पत्र त्यांनीच टाकायचं असतं. बऱ्याच ठिकाणी कॉलेजचा अधिकृत ईमेल पत्ता मागतात आणि आपल्याकडच्या अनेक प्राध्यापकांकडे फक्त जीमेल असतो. म्हणून कॉलेजच्या कार्यालयातून अधिकृत पत्ता आधीच सुरू करून घ्यावा. सरांना महिनाभर आधी सांगणं हा शिष्टाचारही आहे.

आता एजंट. ‘त्याची ओळख आहे, तो लवकर करून देतो’ असं सांगितलं जातं. अर्ज ज्या पोर्टलवर तो भरतो तेच तुमच्यासाठीही उघडं आहे, आणि प्रवेश समितीची रांग त्याच्या ओळखीने हलत नाही. अनेक एजंटांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यामुळे ते सुचवतात ती यादी त्यांच्या करारांची असू शकते, तुमच्या गुणांची आणि खिशाची असेलच असं नाही. काही सल्लागार मनापासून काम करतात, हे मी नाकारत नाही. पण पासवर्ड आणि ईमेल स्वतःच्याच हातात ठेवा. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली आणि त्यांच्यावर देश सोडण्याची वेळ आली. बहुतेक जण पंजाबचे होते. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेऊ लागला. तिथला ‘एसडीएस’ नावाचा जलद व्हिसा मार्गही ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाला. त्याच्या नावाने आजही कुणी पैसे मागत असेल तर तिथून सरळ उठावं.

सल्ला विनामूल्यही मिळतो. विदर्भातच रुजलेली, राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था ग्रामीण आणि वंचित घरांतल्या मुलांना परदेशी अर्जांसाठी मार्गदर्शन करते. केंद्रे स्वतः ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले.

‘एक वर्ष हुकलं की संधी गेली’ हाही गैरसमजच. १९१६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डीएससी झाले. आजही अनेक विद्यापीठं प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलू देतात. त्यासाठी लेखी विनंती मुदतीत करावी लागते. भरलेली अनामत पुढे धरली जाणार का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावं. शिष्यवृत्ती मात्र आपोआप पुढच्या वर्षी सरकत नाही, ती देणाऱ्या विभागाला वेगळं विचारावं लागतं. आयईएल्टीएसचे गुण दोनच वर्षं ग्राह्य असतात, म्हणून वर्ष पुढे ढकलण्याआधी त्या कागदावरची तारीख पाहून घ्यावी.