लेप्टो: पावसाच्या पाण्यातून चाललात? ताप आला तर डॉक्टरांना हे आधी सांगा

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मुंबईकर कंबरभर पाण्यातून चालत घरी पोहोचले. पाणी ओसरलं. पण पुढच्याच महिन्यात तापाचे रुग्ण वाढले आणि त्यातल्या अनेकांना लेप्टोस्पायरोसिस झाल्याचं समोर आलं. तेव्हापासून मुंबईत पाणी तुंबलं की 'लेप्टो'ची चर्चा सुरू होते.

लेप्टो होतो कसा?

लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. कुत्री, गुरं, डुकरं यांच्याकडूनही तो पसरतो. तुंबलेल्या पाण्यात किंवा चिखलात मिसळल्यावर तो पायावरच्या जखमेतून, साध्या खरचटण्यातून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतो. त्यामुळे सफाई कामगार आणि भातशेतीत राबणाऱ्यांना धोका जास्त.

ओळखणं अवघड का?

ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही लक्षणं डेंग्यू-मलेरियातही असतात. लेप्टोमध्ये पोटऱ्या खूप दुखतात आणि डोळे लाल होतात, पण प्रत्येकाला असं होईलच असं नाही. शिवाय लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात. तोवर पाण्यातून चालल्याचं अनेकजण विसरूनही गेलेले असतात.

रक्ताच्या चाचणीतही एक अडचण आहे. आयजीएम एलायझा चाचणी अँटीबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायला काही दिवस लागतात. म्हणजे सुरुवातीला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लेप्टो असू शकतो. पहिल्या आठवड्यात पीसीआर चाचणी जास्त उपयोगी पडते. म्हणूनच दाट शंका असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. ही शंका येण्यासाठी 'मी पाण्यातून चाललो होतो' हे रुग्णाने सांगणं गरजेचं असतं.

साथ कशी रोखतात?

रुग्ण सापडला की तो कुठे राहतो, काय काम करतो, कोणत्या पाण्यात उतरला होता, हे विचारलं जातं. मग त्या भागात घरोघरी जाऊन तापाचे रुग्ण शोधणं, उंदरांचा बंदोबस्त करणं आणि कचरा हटवणं सुरू होतं.

पाण्यातून चालल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधात्मक गोळी घ्या, असं मुंबई महापालिका सांगते. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन वापरतात. जखम नसेल आणि एकदाच चालणं झालं असेल तर एक डोस, जखम असेल तर तीन दिवस आणि वारंवार पाण्यात उतरावं लागत असेल तर आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. गरोदर महिला आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळं असतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून गोळ्या घेऊ नका.

लघवी कमी होणं, डोळे पिवळे पडणं, धाप लागणं किंवा खोकल्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा.