सिलिकेच्या घड्या

आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या काठी कानेम नावाचा प्रदेश आहे. तिथे पाणी आटलं की मागे सोड्याचे थर उरतात. त्या थरांत सापडलेल्या एका पांढऱ्या खनिजाचं वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला कानेमाइट हे नाव मिळालं. त्याआधी, १९६७ मध्ये, हान्स युगस्टर यांनी केनियातल्या मगाडी सरोवरातून मगाडीआइट आणि केनियाइट ही त्याची भावंडं जगापुढे आणली होती. पुढची वीसेक वर्षं ही नावं मुख्यतः भूशास्त्रज्ञांपुरतीच राहिली.

रसायनशास्त्रज्ञांचं लक्ष दुसऱ्याच एका खनिजाकडे होतं. आपल्याकडे सह्याद्रीच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत त्या खनिजाचे, झिओलाइटचे, सुरेख स्फटिक मिळतात. झिओलाइटची सगळी किंमत त्याच्या छिद्रांत आहे. ती अगदी एकसारखी असतात, म्हणून ठरावीक मापाचेच रेणू आत जातात. पेट्रोलियमचं शुद्धीकरण त्यांच्यावरच उभं आहे. पण ही छिद्रं जेमतेम एका नॅनोमीटरची. मोठे रेणू दारातच अडतात. सिलिका जेलची छिद्रं मोठी असतात, पण त्यांना ना माप ना शिस्त. मोठी आणि तरीही शिस्तीची छिद्रं हवी होती.

टोकियोच्या वासेदा विद्यापीठात यानागिसावा, शिमिझू, कुरोदा आणि कातो यांनी कानेमाइट हाती घेतलं. त्याचे पापुद्रे कमालीचे पातळ असतात. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा चतुष्फलकांचा एकच थर, आणि दोन थरांमध्ये सोडियम व पाणी. हे सोडियम सैल बसलेलं असतं, त्यामुळे दुसरा धन आयन आला की ते जागा सोडतं. संशोधकांनी त्या जागी लांब कार्बनसाखळीचे अमोनियम क्षार घुसवले. केसांच्या कंडिशनरमध्ये असतात, त्याच घराण्यातले. मग सेंद्रिय भाग भट्टीत जाळून टाकला. राहिलेल्या सिलिकेत दोन ते चार नॅनोमीटरची छिद्रं होती आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ९०० चौरस मीटर पृष्ठभाग. हे १९९० मध्ये जपानी रसायन संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं. फारशी दखल कुणी घेतली नाही.

१९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या क्रेस्गे, बेक आणि सहकाऱ्यांचा एमसीएम-४१ हा असाच सच्छिद्र पदार्थ ‘नेचर’मध्ये झळकला आणि सगळं श्रेय तिकडे गेलं. मला हे अगदीच अन्यायाचं वाटत नाही. छिद्रांची षट्कोनी मांडणी आणि त्यांचं माप हवं तसं बदलण्याची युक्ती मोबिलने स्वच्छ दाखवली होती. वासेदाच्या पहिल्या निबंधात ती शिस्त दिसत नव्हती. शिवाय पहिलेपणाचा मान वासेदाचाही नव्हता: १९९७ मध्ये एका फ्रेंच गटाने १९७१ चं एक अमेरिकी पेटंट शब्दशः करून पाहिलं, तर हाती आलं ते एमसीएम-४१ सारखंच! पेटंटधारकांना हवी होती फक्त हलकी सिलिका. छिद्रांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

कानेमाइटच्या वाटेने शिस्त आली ती १९९३ मध्ये. टोयोटाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेतले इनागाकी आणि फुकुशिमा यांनी कुरोदांबरोबर एफएसएम-१६ तयार केलं. कृती ऐकायला साधी आहे. सोडियम सिलिकेट ७०० अंशांच्या आसपास तापवायचं, पाण्यात ढवळलं की कानेमाइट तयार. त्यात सोळा कार्बनची साखळी असलेल्या अमोनियम क्षाराचं द्रावण घालून ७० अंशांवर काही तास ठेवायचं. नंतर थेंबथेंब आम्ल टाकत पीएच साडेआठवर आणायचा. सगळी मेख इथे आहे. सुरुवातीच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात पापुद्रे सुटे राहतात. पीएच उतरला की शेजारच्या पापुद्र्यांवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी सोडत एकमेकांना जोडले जातात. गाळून, धुऊन, वाळवून ५५० अंशांवर भाजलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी नळ्या उरतात.

पापुद्रे साखळ्यांच्या जुडग्यांभोवती दुमडतात, असं इनागाकी आणि सहकाऱ्यांचं म्हणणं. मगाडीआइटचे पापुद्रे कित्येक चतुष्फलक जाड, ते असे वाकत नाहीत. तिथे थर फाकवून मध्ये सिलिकेचे खांब उभारावे लागतात. पण कानेमाइट खरंच दुमडतं, की विरघळून नव्याने जुळतं, यावर बरीच वर्षं वाद झाला. २००० मध्ये कुरोदांच्या गटाने केएसडब्ल्यू-२ सादर केलं. मधल्या टप्प्यावरच्या थरदार पदार्थाला सौम्य आम्ल दिल्यावर त्यात चौकोनी नळ्या तयार झाल्या आणि मूळ कानेमाइटच्या रचनेची खूणही भिंतींत शिल्लक होती. सगळं विरघळलं असतं, तर ही खूण कुठून आली असती? घडीवाल्यांची बाजू इथे मला भक्कम वाटते.

एफएसएमच्या नळ्यांत विकरं बसवून पाहिली गेली. नळीचं माप विकराच्या मापाशी जुळलं की विकरं अधिक टिकाऊ झाली. प्रकाशात चटकन फिकं पडणारं क्लोरोफिलही आत ठेवलं की टिकतं. शुद्धीकरण कारखान्यांतून मात्र झिओलाइटला हटवणं या पदार्थांना जमलेलं नाही. त्यांच्या भिंतींत झिओलाइटसारखी स्फटिकी बांधणी नाही, आम्लता कमी आहे, आणि कडक तापलेल्या वाफेत त्या ढासळतात. त्यात महागडा अमोनियम क्षार शेवटी जाळूनच टाकायचा.