एका घरात किती सैन्य मावतं?

सूर्या नदीकाठच्या मासवणहून बोईसरमार्गे तारापूर गाठलं, की समुद्रालगतचा जुना कोट लागतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्याच लढाईत बाजी भिवरावांसारखा नामांकित सरदार गमावला. हा वेढा पटावर मांडायचा ठरवला, तर वॉरगेम रचणाऱ्यापुढे लगेच एक प्रश्न उभा राहतो. तटाला लागून असलेल्या एका षटकोनी घरात मराठ्यांच्या किती सोंगट्या एकावर एक ठेवू द्यायच्या? या आकड्याला खेळाडू ‘स्टॅकिंग लिमिट’ म्हणतात, म्हणजे सोंगट्यांच्या चवडीची मर्यादा.

ही मर्यादा निव्वळ सोयीसाठी असते, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांची चवड कोसळू नये एवढाच तिचा हेतू, असं बऱ्याच जणांना वाटतं. सोय होते हे खरं. पण १९७० सालच्या ‘पॅन्झरब्लिट्झ’ या पटखेळात एका घरात जर्मनांच्या तीन तुकड्या ठेवता येतात, रशियनांच्या मात्र दोनच. घर तेच, २५० मीटरचं, जमीनही तीच. तरी आकडे वेगळे. म्हणजे मर्यादा फक्त जागा मोजत नाही; कोणती फौज एका ठिकाणी किती बळ एकवटू शकते, हेही ती सांगते.

‘मर्यादेने फरक पडतो तो फक्त हालचालीत, हानीत नाही,’ हा समज त्याहून खोल रुजलेला आहे. तो मोडायला इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांचं गणित पुरेसं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं. समजा, दोन्हीकडचे सैनिक सारखेच तरबेज आहेत. एकीकडे १००, दुसरीकडे ५०. शंभरच्या शंभर जणांना एकाच वेळी नेम धरता आला, तर १०० चा वर्ग १०,०००, ५० चा वर्ग २,५००, वजाबाकी ७,५०० आणि तिचं वर्गमूळ सुमारे ८७. समोरचे पन्नास संपेपर्यंत आपले फक्त १३ पडतात.

आता घराची मर्यादा ५० करा. पहिले पन्नास पुढे जातात, समोरच्या पन्नासांशी भिडतात आणि कागदावर दोन्ही बाजू संपतात. उरलेले पन्नास मागे ताटकळत उभे असतात. लढाई जिंकली, पण १३ ऐवजी ५० माणसं गेली. फौज तीच, शत्रू तोच, शौर्यही तेवढंच. बदलली ती फक्त एका वेळी भिडू शकणाऱ्यांची संख्या. खऱ्या रणात अगदी शेवटच्या माणसापर्यंत कोणी लढत नाही, तरी गणिताचा कल खोटा ठरत नाही.

वसईचा किल्ला याचा ठळक दाखला आहे. त्याला तीन बाजूंनी पाणी, हल्ल्याची वाट जमिनीच्या बाजूने. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग उडवून तटबंदी फोडली, पण आत शिरायचं ते खिंडारातूनच. बाहेर फौज कितीही असो, खिंडाराच्या तोंडाशी मूठभरच मावणार, आणि तिथेच आतून बंदुका नि हातबॉम्ब यांचा मारा एकवटणार. किल्ला सर झाला, पण मराठ्यांची हानी आतल्या पोर्तुगिजांपेक्षा कितीतरी मोठी होती. हा वेढा मांडताना खिंडाराच्या घरावर मर्यादा घातली नाही, तर पटावर वसई फारच स्वस्तात पडेल आणि मराठ्यांनी मोजलेली किंमत खेळातून पुसली जाईल.

मग मोठी चवड बचावाला तरी बरी का? सरसकट नाही. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळात उघड्या मैदानावर चवडीतून एकच तुकडी बचावाला उतरते. ती हरली, की तिच्यासोबतच्या सगळ्या तुकड्या नष्ट होतात. शहरात किंवा किल्ल्यात मात्र असं होत नाही. चौथ्या आवृत्तीत (२००५) कितीही तुकड्या एकत्र ठेवता येतात, पण तोफखान्याचा मारा चवडीतल्या इतरांनाही जखमी करतो. पाचव्या आवृत्तीने (२०१०) थेट एका घरात एकच लढाऊ तुकडी ठेवली. तिथे एका फटक्यात अख्खी फौज गारद होत नाही, पण अरुंद खिंडीत मागचा पुढच्याला खेटून अडकतो.

म्हणून नियमपुस्तकात तीन आकडे वेगवेगळे वाचायला हवेत: घरात किती तुकड्या राहू शकतात, त्यांतल्या किती मारा करतात आणि शत्रूच्या माऱ्याखाली किती येतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या पटखेळात घरावर गोळीबार झाला, की तो आतल्या सगळ्यांना लागू होतो आणि धीर टिकला का, हे प्रत्येक पथकासाठी वेगळे फासे टाकून ठरतं. तिथे चवड वाढली की आपला मारा वाढतो, तशी शत्रूला सापडणारी माणसंही वाढतात.

माघारीचा नियम बहुतेक जण वाचायचा सोडून देतात. अनेक पटखेळांत मागची घरं मर्यादेपर्यंत भरलेली असली, तर मागे हटणाऱ्या तुकडीला जागाच मिळत नाही आणि ती बाद होते. त्यामुळे हल्ल्याला बळ हवं म्हणून पाठीमागे राखीव तुकड्यांची गर्दी करणारा खेळाडू आपल्याच आघाडीची वाट बंद करतो. तारापूरचा पट मांडला, तर तटाजवळच्या घरामागे निदान एक घर मोकळं ठेवावं लागेल.