वायफाय फुल, नेट गुल!

मोबाईलवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, तरी काहीच उघडत नाही? त्या कांड्या फक्त मोबाईल ते राउटर एवढंच सांगतात. नेट टॉवरवरून येत असेल, तर गच्चीवरचा रिसीव्हर ते टॉवर हा टप्पा वेगळा.

आधी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेकदा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर असतो. पान उघडलं, म्हणजे घरातलं वायफाय ठीक. मग ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची गडबड. सेटिंगमध्ये डीएनएस बदलून बघा.

उत्तरच नाही? मग सेटिंगमधलं सिग्नलचं पान बघा. माझ्या मते सगळ्यात कामाची जागा हीच! आरएसआरपी, म्हणजे सिग्नलचा जोर, उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर अवघड. सोबत एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तेही बघाच: सिग्नल जोरदार असूनही हा शून्याजवळ असेल तर गोंगाट जास्त, स्पीड मिळणार नाही. रिसीव्हर थोडा फिरवला तरी आकडे बदलतात. पण गच्चीच्या कडेला एकट्याने चढू नका.

पावसाळ्यात केबलचं टोकही तपासा. पाणी शिरलं की पिना हिरवट पडतात.

आणि टाचणीने दाबायचं ते रिसेट बटण उगाच दाबू नका, सगळं सेटिंग पुसलं जातं. रीस्टार्टसाठी प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावला की पुरे.